खाती पेंटनं, मंत्री खडूनं

परवा भोपाळला खातेवाटप झालं एकदाचं. शपथ होऊन बरेच दिवस झाले होते, पण तोवर सगळे नुसतेच मंत्री होते. बसायला गाडी आणि हातात काही नाही. सून मोबाइलवर यादी वाचून राहिली होती आणि मी मेथी निवडत होते. मी म्हटलं, "शिक्षण कोणाकडे गेलं, ते सांग आधी."

ती हसली. "आई, तुम्हाला शिक्षणाचं काय करायचं आता? आपल्या घरात शाळेत जाणारं कोणी उरलंय का?"

खरंच कोणी नाही. पण शेजारून आणलेलं विरजण पन्नास वर्षं आपल्या घरात चालत राहतं ना, कोणाकडून आणलं होतं ते घरच्यांना ठाऊकही नसतं, तसे काही प्रश्न असतात. हा प्रश्न माझा नाही. हा देवस्थळे काकांचा.

आता जबलपूरच्या विजय नगरात राहते, पण लग्न होऊन मी आले ती इथल्याच घमापूरला. माझे यजमान रेल्वेत, लोको शेडमध्ये. मी वर्ध्याकडची, शाळा चौथीपर्यंत, आणि हिंदीच्या नावानं अच्छा आणि चलो एवढे दोन शब्द. आमच्या ओळीत सहा घरं होती. आमचं तिसरं आणि देवस्थळ्यांचं चौथं, मधे एक विटांची भिंत, तीही इतकी बुटकी की काकूंच्या फोडणीला आमच्या घरी शिंका यायच्या. काका तोफगाड्यांच्या फॅक्टरीत होते, इन्स्पेक्शनमध्ये. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेला भाग हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. आयुष्यभर त्या माणसानं तेच केलं. मला तर वाटतं, घरी येतानाही तो गेज डोक्यात तसाच ठेवून यायचे.

बुटके, बारीक, पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप, ती घरातही काढायचे नाहीत. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेला खडू. बोलताना अंगठा आणि बोट एवढंसं अंतर ठेवून धरायचे, जणू तुमचं बोलणं त्यातून जातं की नाही ते पाहून राहिले. आणि कोणी काहीही गाऱ्हाणं घेऊन आलं, नळ म्हणा, रेशन म्हणा, रस्त्यावरचा दिवा म्हणा, तर पहिला प्रश्न एकच.

"खातं कोणाचं?"

त्यांच्या छपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, एक मोठा काळा फळा टांगलेला होता. फॅक्टरीत खोक्यांच्या फळ्या लिलावात निघायच्या, त्यातून त्यांनी घेतलेला. तो फॅक्टरीबाहेर आणायचा गेटपास त्यांनी काच लावून फळ्याच्या शेजारी टांगला होता! कोणी विचारलंच नव्हतं, तरी. ह्या फळ्यावर डावीकडे पांढऱ्या ऑइलपेंटनं, सुरेख अक्षरात, राज्य सरकारची सगळी खाती लिहिलेली. गृह, वित्त, महसूल, शिक्षण, आरोग्य, सिंचन, वन, आदिवासी कल्याण, पार खाली तुरुंगापर्यंत. आणि प्रत्येकासमोर खडूनं मंत्र्याचं नाव. मी नवीन होते, मला वाटलं मुलांच्या अभ्यासाचं काही असेल. मी विचारलं, "काका, अर्धं पेंटनं आणि अर्धं खडूनं, काहून?"

"मंदा, खातं राहतं. मंत्री जातो," काका म्हणाले. "म्हणून खाती पेंटनं, मंत्री खडूनं."

तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

सकाळी सव्वासातला भोपाळच्या बातम्या लागायच्या. काका दाढीचा साबण अर्ध्या गालावर घेऊन रेडिओजवळ उभे. काही बदललं की तशाच तोंडानं छपरीत यायचे, ओल्या फडक्यानं एक नाव पुसायचे, दुसरं लिहायचे, आणि मागं सरून पाहायचे, ओळ सरळ आहे ना. हिंदी शेजारी त्यांना "मंत्रीजी" म्हणायचे. आमच्या समोर राहणारे शुक्लाजी फॅक्टरीला जाता जाता सायकल थांबवून ओरडायचे, "मंत्रीजी, आज कौन गिरा?" आणि काका अगदी गंभीरपणे सांगायचे, "सिंचाई." जसं काही त्यांच्याच घरातलं कोणी पायरीवरून पडलं.

हसायचो आम्ही. पण काम पडलं की सगळे तिथेच. साऱ्या घमापूरचे अर्ज काका लिहायचे. मजकूर तोंडी सांगायचे आणि नक्कल करायला मला बसवायचे, कारण काकूंना बारीक अक्षर दिसत नव्हतं. माझं जे काही लिहिणं आहे ना, ते तिथलं आहे बरं. मराठी मी घरून आणली होती, हिंदी मी "सविनय निवेदन है" पासून शिकले.

नळाची गोष्ट सांगते म्हणजे माणूस कळेल. एका उन्हाळ्यात आमच्या ओळीचा नळ बंद पडला. सगळे काकांच्या छपरीत जमले. शुक्लाजी म्हणाले, "मंत्रीजी, लिखिए, पंद्रह दिन से पानी नहीं."

काका म्हणाले, "ग्यारह."

"अरे ग्यारह और पंद्रह में क्या फरक है? जब तक अर्जी पहुँचेगी, पंद्रह हो ही जाएँगे!"

"तो जब पंद्रह हो जाएँगे, तब पंद्रह लिखेंगे. आज ग्यारह हैं."

बायका घागरी कडेवर घेऊन उभ्या आणि हे दोघं चार दिवसांवरून भांडून राहिले. शेवटी अकराच लिहिलं मी. आणि गंमत पाहा, नळ आला! एक साहेब आला, म्हणाला, अर्ज बरोबर जागी आला आणि सगळं खरं निघालं म्हणून लवकर झालं. मग काय विचारता. काका दोन दिवस अंगठा आणि बोट दाखवत फिरले. "पाहिलं? गेजमधून गेलं."

तो नळ आला नसता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. पाणी आणलं असतं आम्ही कुठूनही. पण त्या नळानं काकांचा विश्वास पक्का केला, आणि त्या विश्वासाची किंमत काकांनी नाही दिली, काकूंनी दिली.

त्यांना एकच मुलगी, कुसुम. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, सावळी, हसरी, आणि हसली की डावा गाल जरा आत जायचा. ती मास्तरीण झाली आणि नेमणूक मिळाली मंडल्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात. बस नदीपर्यंत जायची, पुढे चालत. पावसाळ्यात नदी चढली की ती पलीकडे आणि जग अलीकडे. वर्षातून दोनदा घरी यायची, दिवाळीला आणि मे महिन्यात. पहिली दोन वर्षं काकूंनी काढली. मग पासष्टच्या लढाईच्या सुमारास काकूंना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशिरा आलात. औषधानं लांबेल, थांबणार नाही. कडेकडेनं अंधारत येईल, मधलं शेवटी जाईल.

काकू मला म्हणाल्या, "मंदे, नळीतून पाहावं तसं दिसतं गं. तू समोर बसली तर तू दिसते, भिंत नाही दिसत. नको दिसू दे भिंत. पण नळी बुजायच्या आत माझी पोरगी मला रोज समोर पाहिजे."

एवढंच मागणं होतं. दुसरं काही नाही. डोळे आहेत तोवर कुसुम जबलपूरला यावी.

आता ह्यात एक मेख होती. कुसुमची शाळा होती आदिवासी कल्याण खात्याची. जबलपूरच्या शाळा शिक्षण खात्याच्या. म्हणजे ही साधी बदली नव्हती. एका खात्यानं सोडायचं आणि दुसऱ्यानं घ्यायचं, दोन मंत्र्यांची मान हलली पाहिजे. काकांना ह्या अडचणीचा जवळजवळ आनंद झाला, असं म्हणायची माझी हिंमत होते आज. त्यांनी फळ्यावर दोन्ही खात्यांना पिवळ्या खडूनं अधोरेखित केलं, दोन वेगळे अर्ज केले, एकमेकांचा हवाला दिला, सोबत डॉक्टरांचा कागद. मी नक्कल करत होते.

शुक्लाजी कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "लिख दो, माताजी की आँखें चली गई हैं."

"गेलेले नाहीत," काका मराठीतच म्हणाले. "तिला फुलपात्र दिसतं. सुईत दोरा जात नाही. मंदा, लिही. दृष्टि क्षीण हो रही है."

काकू आतून ऐकून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "बरं आहे. फुलपात्रापुरते डोळे आहेत म्हणून अर्ज खोटा पडायला नको!"

अर्ज गेले. आठ महिन्यांनी आदिवासी कल्याणचं उत्तर आलं, सोडायला हरकत नाही. काकांनी पेढे आणले, बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून. शिक्षणाचं उत्तर यायचं होतं, तेवढ्यात निवडणूक लागली. नवीन सरकार आलं, आणि ते बसतं न बसतं तोच आमदार इकडून तिकडे गेले आणि तेही पडलं. मग तर तुम्हाला सांगते, त्या दोन-तीन वर्षांत भोपाळला कोण कोणाचं हे खुद्द त्यांनाही माहीत नसावं. काकांचा खडू पुरत नव्हता. एका मंत्र्यानं हो म्हणावं तर दुसरा गेलेला. दुसऱ्यानं हो म्हणावं तर पहिल्याच्या जागी आलेला म्हणे, जुनी परवानगी मला बांधील नाही, नव्यानं अर्ज करा. काका नव्यानं अर्ज करायचे. मी नक्कल करायला बसायची. सगळा मजकूर तोच, एकच शब्द बदलायचा.

"मंदा, आता 'बहुत क्षीण' लिही."

असं सांगताना ते काकूंकडे पाहत नसत, फळ्याकडे पाहत.

आणि मग ती सर्किट हाउसची गोष्ट. माझ्या डोळ्यांसमोर घडली, कारण काकूंचा हात धरायला मी गेले होते.

एक नवीन मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं झालं होतं, खाती वाटली गेली नव्हती. त्यातले एक मंत्री जबलपूरला आले, सर्किट हाउसवर उतरले. शुक्लाजींची कुठूनशी ओळख निघाली. त्यांनी स्वतःच्या पुतण्याच्या बदलीसाठी वेळ मागितली होती, त्यातच काकांनाही घुसवलं. वाटेत रिक्षात शंभरदा बजावलं, "मंत्रीजी, आज आप कुछ मत बोलना. माताजी को आगे करना. बस."

आधी पुतण्या गेला आत. दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर, हसत. मग आम्ही. मंत्री मोठे दिलदार गृहस्थ होते हो, खोटं काहून बोलू. काकूंना पाहून खुर्चीतून उठले. "बैठिए माताजी. क्या तकलीफ है?"

काकू त्यांच्या तोंडाकडे नळी लावल्यासारख्या पाहत राहिल्या, म्हणाल्या, "बेटी को ला दो, साहब. दिखना बंद हो जाएगा."

काय सांगू, त्यांनी तिथेच पेन काढलं. "बाबूजी, लाइए आवेदन. मैं लिख देता हूँ, और सचिव को फोन भी कर दूँगा. महीने भर में आपकी बेटी घर."

काकांनी अर्ज पुढे केला. मंत्र्यांनी हात लांब केला. आणि काकांनी अर्ज परत मागं घेतला.

"साहब, माफ करिए. आपको अभी विभाग नहीं मिला है."

मंत्री थांबले. "तो?"

"तो आपके लिखने से आदेश नहीं बनेगा. यह शिक्षा का विषय है. कल जिनको शिक्षा मिलेगी, वे कहेंगे किस अधिकार से लिखा, और प्रकरण खराब हो जाएगा. आप विभाग मिलने दीजिए."

शुक्लाजींनी कपाळाला हात लावला. मी काकांची बाही ओढली, खरंच ओढली. मंत्री आधी रागावतील असं वाटलं, पण ते हसले. पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा 'टक्' असा आवाज मला अजून ऐकू येतो. "आप तो हमसे ज्यादा जानते हैं, बाबूजी. ठीक है. विभाग मिल जाए, तब देखेंगे." आणि दार उघडलं, पुढचे लोक आत आले.

बाहेर पोर्चमध्ये शुक्लाजी भडकले. "मंत्रीजी, आदमी परोसी हुई थाली को लात मारता है क्या? मेरा भतीजा मूरख है जो चिट्ठी लेकर गया?"

"ती चिठ्ठी चालणार नाही," काका शांतपणे मला म्हणाले. "पाहशील तू."

आठ दिवसांत पुतण्या नव्या जागी हजर झाला. बिनखात्याच्या मंत्र्याच्या, पाठकोऱ्या कागदावरच्या एका ओळीवर. शुक्लाजींनी घरोघर लाडू वाटले, देवस्थळ्यांकडेही दिले. काकूंनी लाडू घेतला आणि काकांच्या पानात वाढला. त्या दिवसापासून पंधरा दिवस त्या काकांशी बोलल्याच नाहीत. जे सांगायचं ते भिंतीवरून मला सांगायच्या, "मंदे, त्यांना सांग, चहा झाला." काका तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेले असायचे.

आणि दैव पाहा कसं असतं. खातेवाटप झालं तेव्हा त्याच मंत्र्यांना शिक्षण मिळालं. काका साबणाच्या तोंडानं बाहेर आले, नाव लिहिलं, आणि माझ्याकडे असे पाहून राहिले, जसे नळ आला होता त्या दिवशी. "आता बरोबर आहे. आता कागद जाईल."

मी म्हटलं, "काका, कागद नका पाठवू. जाऊन भेटा. ओळख आहे. काकूंना त्यांनी पाहिलं आहे."

"ओळखीनं होतं ते काम नव्हे, मंदा, ते उपकार."

"मग उपकार घ्या ना!" मी भांडले त्यांच्याशी. सून नाही, मुलगी नाही, शेजारची बाई मी, पण भांडले. त्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज पाठवला. तो अर्ज शिक्षणातून अभिप्रायासाठी आदिवासी कल्याणला गेला, तिथून माहितीसाठी मंडल्याला गेला, तिथून परत निघाला तोवर सरकार बदललं.

मला आजही राग येतो. काकांवर येतो, त्या सगळ्या फळ्यावरच्या नावांवर येतो, आणि थोडा स्वतःवरही. तो कागद मी त्यांच्या हातातून ओढून मंत्र्यांच्या टेबलावर ठेवला असता तर काय झालं असतं? फार तर काका माझ्याशी बोलले नसते. पण त्या काळी बाईमाणसानं साहेबासमोर असं काही करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी जे शिकले ते काकांच्या अर्जांतून, त्यांत तसं काही नसायचं.

एकाहत्तरच्या दिवाळीला कुसुम आली, तेव्हा काकूंची नळी सुईएवढी राहिली होती. काकूंनी तिला दारातच धरलं, उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि तिची हनुवटी धरून चेहरा हळूहळू फिरवला. कपाळ पाहिलं, मग एक डोळा, मग दुसरा. एका वेळी एवढंच दिसत होतं. मग म्हणाल्या, "हस." कुसुम हसली. "थांब, अशीच थांब," म्हणाल्या, आणि डाव्या गालावर आल्या, तिथे पुष्कळ वेळ थांबल्या. मी माझ्या दारात उभी होते, आत निघून गेले.

त्यानंतर महिन्याभरात लढाई लागली. सीमा आमच्यापासून किती लांब, पण फॅक्टऱ्यांचं गाव, म्हणून खिडक्यांच्या काचांना काळे कागद. काकांना खरं तर निवृत्त व्हायचं होतं, थांबवून घेतलं. बारा-बारा तासांची पाळी, सुट्टी बंद. भोंगा झाला की सायकलींचा नुसता पूर यायचा रस्त्यावर, त्यात काका ओळखू येत नसत, सगळेच सारखे दमलेले. त्या दिवसांत फळ्यावरची नावं तशीच राहिली. काकांना रेडिओवर फक्त लढाई ऐकायची असायची.

एका सकाळी मी भाजी द्यायला गेले. काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "मंदे, आज कागद काढला नाही का गं कोणी खिडकीचा?"

कागद काढलेला होता. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

काका पाळीवर निघायच्या तयारीत, पायाला क्लिप लावत होते. त्यांनी ऐकलं. वाकलेले होते ते तसेच वाकलेले राहिले. मग उठले, काकूंजवळ आले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अंगठा आणि बोट धरून उभे राहिले, एवढंसं अंतर ठेवून. काकूंची नजर हलली नाही. भोंगा झाला. ते पाळीवर गेले. जावंच लागायचं.

लढाई संपल्यावर एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. "मंदा, अर्ज करायचा आहे. नवीन मंत्री आलेत." मी कागद घेऊन बसले. त्यांनी सगळं सांगितलं, तोंडपाठ होतं, मलाही पाठ होतं. त्या वाक्यापर्यंत आलो. "प्रार्थी की पत्नी की दृष्टि..." म्हणाले आणि थांबले. मी पेन टेकवून बसले. शाईचा ठिपका पडला, पसरला. अकराला अकरा म्हणणारा माणूस. आता खरं होतं तेच सांगायचं होतं, शुक्लाजी पाच वर्षांपूर्वी जे सांगत होते अगदी तेच. आता ते गेजमधून जात होतं.

"राहू दे," काका म्हणाले. तो अर्ज झाला नाही.

बदली कुसुमनंच करून आणली. होळीच्या आधी ती अचानक ट्रंक घेऊन उतरली, हुकूम हातात. एवढंच कळलं की ती त्या गावच्या सरपंचाला सोबत घेऊन भोपाळला गेली होती आणि दोन दिवस कोणाच्या तरी दाराबाहेर बसली होती. काकांनी हुकूम उलटा-सुलटा करून पाहिला. सवयच ती. "कोणत्या खात्यानं केलं हे, पोरी? सही तर..."

"बाबा," कुसुम म्हणाली, "विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही.

मग आम्हाला रेल्वेचं क्वार्टर मिळालं आणि आम्ही घमापूर सोडलं. वर्ष-दीड वर्षानं मी एकदा गेले त्यांच्याकडे. मला बालवाडीत नोकरी करायची होती, त्याचा अर्ज लिहून हवा होता. खरं म्हणजे अर्ज मी लिहून नेला होता, नुसतं त्यांना दाखवायचं होतं. काका छपरीत बसून तांदूळ निवडत होते. पायाला क्लिप होतीच, सायकल विकली होती तरी. भिंतीवर फळ्याची चौकोनी खूण, बाजूला तो गेटपास टांगलेला.

"फळा कुठे गेला, काका?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. अंगणातल्या पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून ठेवला होता. गृह, वित्त, महसूल, शिक्षण, सगळी खाती जशीच्या तशी, पांढरी शुभ्र. समोर नावांच्या जागी पाण्याचे ओघळ.

मी अर्ज पुढे केला. त्यांनी वाचला नाही. "कोणाच्या हातात आहे हे?"

मी म्हटलं, "खातं ना? समाजकल्याण."

"खातं नाही विचारलं. माणूस. नाव माहीत आहे? मग जा आणि उद्या भेट त्याला. दारात बैस. आज आहे तो उद्या नसतो." मग म्हणाले, "अर्ज चांगला लिहिला आहेस."

"न वाचताच?"

"समास सोडला आहेस ना. तेवढं दिसलं."

काकू आत चटईवर होत्या, माझा आवाज ऐकून बाहेर आल्या, भिंत चाचपत. माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "जाडी झालीस." हसल्या. मग उंबऱ्यावर बसल्या आणि काकांना विचारलं, "अहो, साडेपाच झाले का? येऊन राहिली का ती?"

काका उठले, फाटकाशी गेले. त्यांच्या ह्या रोजच्या गोष्टी असाव्यात, कारण काकूंनी मान आधीच तिकडे वळवली होती. मीही निघतच होते, फाटकात काकांच्या शेजारी उभी राहिले.

"आली," काका म्हणाले. "शुक्लांच्या दारापर्यंत आली."

"कोणती साडी?"

"निळी. पांढऱ्या काठाची."

"छत्री?"

"नाही. विसरली आज. उन्हानं चेहरा लाल झाला आहे."

कुसुम रस्त्यानं येत होती. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला, मान खाली. तिशी ओलांडली होती. जंगलातल्या वर्षांनी कानांजवळचे केस पांढरे केले होते. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. चेहरा दमलेला, ओठ घट्ट मिटलेले.

"हसून राहिली का?" काकूंनी विचारलं.

काका पाहत होते. त्यांनी अंगठा आणि बोट धरलं नव्हतं, दोन्ही हात फाटकावर होते.

"हो," ते म्हणाले. "हसून राहिली."